बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधले तरुण संशोधकांचे पुरस्कार : पहिला अर्ज करणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचं काम अनेकदा चांगलं असतं आणि अर्ज कच्चा असतो. प्रोजेक्ट प्रयोगशाळेत चालतो, ओळखीच्या डॉक्टरांना आवडतो, कॉलेजच्या प्रदर्शनात पहिला येतो आणि तिथेच थांबतो. पुढे तो कुठे पाठवायचा, कोणत्या वयापर्यंत पाठवता येतो, कुणाची सही लागते, परीक्षक नेमकं काय बघतात, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. मोठ्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना हे सगळं मेसमध्ये जेवता जेवता सीनियरकडून कळतं. नांदेड, जळगाव किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलीला ते कळत नाही, आणि तिच्या कामात काही कमी असतं म्हणून नव्हे. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातल्या बऱ्याच पुरस्कारांची रक्कम फार मोठी नसते. त्यांचा खरा उपयोग पुढे होतो. रुग्णालय तुम्हाला आत येऊ देतं, पीएचडीसाठी लिहिलेल्या ईमेलला उत्तर येतं, अनुदानाच्या समितीला तुमचं नाव ओळखीचं वाटतं. म्हणून कोणता पुरस्कार केव्हा, हे नीट ठरवायला हवं.

आधी तुमचं वय कसं मोजलं जाणार ते पाहा

'तरुण संशोधक' कोण, हे प्रत्येक संस्था आपापल्या पद्धतीने ठरवते. अर्ज बाद होण्याचं पहिलं कारण इथेच असतं. मोजणीच्या तीन पद्धती दिसतात.

काही ठिकाणी तुम्ही आज विद्यार्थी आहात का, एवढंच पाहतात. विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेच्या ईएमबीएस या वैद्यकाशी जोडलेल्या शाखेची ईएमबीसी ही वार्षिक परिषद आपल्या क्षेत्रातली सर्वांत मोठी परिषद मानली जाते. तिथल्या विद्यार्थी शोधनिबंध स्पर्धेत पहिला लेखक विद्यार्थी असावा लागतो. जेम्स डायसन अवॉर्ड हा आंतरराष्ट्रीय डिझाइन पुरस्कार पदवीनंतर चार वर्षांपर्यंत दार उघडं ठेवतो.

काही ठिकाणी ठरावीक तारखेला तुमचं वय किती, हे पाहतात. आपल्या केंद्र सरकारचा विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी आहे. इन्फोसिस पुरस्काराची वयोमर्यादा पूर्वी ५० होती. २०२४ पासून ती ४० केली आहे.

तिसरी पद्धत म्हणजे शेवटची पदवी मिळून किती वर्षं झाली ते मोजणं. ईएमबीएसच्या अर्ली करिअर अचिव्हमेंट अवॉर्डसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेचा, बायोमेकॅनिक्सचे अध्वर्यू वाय. सी. फंग यांच्या नावाचा पुरस्कार पूर्वी 'यंग इन्व्हेस्टिगेटर' म्हणून ओळखला जायचा, आता त्याच्या नावात 'अर्ली करिअर' आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. नोकरी करून उशिरा पीएचडीला आलेला, किंवा मुलं लहान असताना चार वर्षं थांबलेली संशोधक, वयाच्या रकान्यात मागे पडतात. पदवीपासून मोजलं तर त्यांना न्याय मिळतो. वयाची अट असलेल्या ठिकाणीही खंडासाठी सवलत आहे का, हे नियमावलीत शोधा. असेल तर मागायला संकोच करू नका.

आता कागदपत्रं. पीएचडीची तारीख म्हणजे तोंडी परीक्षेची, विद्यापीठाच्या अधिसूचनेची की पदवीदान समारंभाची? यांत वर्षभराचाही फरक पडू शकतो. नियमात काय म्हटलंय ते पाहा आणि तिन्ही कागद स्कॅन करून ठेवा. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. शोधनिबंधावर 'पाटील एस. आर.', लग्नानंतर बदललेलं आडनाव चौथीकडेच. परदेशातल्या परीक्षकाला ही एकच व्यक्ती आहे हे कसं कळणार? यावर सोपा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो फुकट मिळतो, सोळा अंकी असतो आणि नाव बदललं तरी बदलत नाही. पहिला शोधनिबंध पाठवण्याआधीच तो काढा आणि सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा.

अभियांत्रिकीच्या दारात जायचं की वैद्यकाच्या?

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्या विषयाला अगदी लागू पडते. भटनागर पुरस्काराचे गट वर्षानुवर्षं 'अभियांत्रिकी विज्ञान' आणि 'वैद्यकीय विज्ञान' असे वेगळे होते. बायोमेडिकलला स्वतंत्र जागा नव्हती. तरी आपल्या क्षेत्रातली माणसं तिथे पोचली, आणि कोणत्या दाराने पोचली हे पाहण्यासारखं आहे. पेशी हाताळणाऱ्या सूक्ष्म यंत्रणांवर काम केलेले बंगळूरच्या आयआयएस्सीचे जी. के. अनंतसुरेश यांना २०१० मध्ये, आणि हाडांच्या जागी बसवायच्या जैवसामग्रीवर काम करणारे तिथलेच विक्रमजित बसू यांना २०१३ मध्ये तो मिळाला, तो अभियांत्रिकीच्या गटात. २०१३ मध्येच त्याच गटात सुमन चक्रवर्ती होते. आयआयटी खरगपूरच्या या प्राध्यापकांचं काम सूक्ष्म नलिकांतून वाहणाऱ्या द्रवांचं. त्यातून स्वस्त निदानाची साधनं निघाली आणि २०२२ मध्ये त्यांना इन्फोसिस पुरस्कारही मिळाला, तोही अभियांत्रिकीतच.

यावरून माझं मत असं, की तुमच्या कामातलं नवेपण जिथे आहे तिथलं दार ठोठवा. नवा सेन्सर, नवी सामग्री, नवी गणिती पद्धत असेल तर अभियांत्रिकी. उपकरण साधंच पण त्याने रुग्णाच्या उपचारात काय बदललं हे तुम्ही दाखवू शकत असाल, तर वैद्यक. पहिल्याला लिहिलेला अर्ज जसाच्या तसा दुसऱ्याला पाठवला तर दोन्हीकडून परत येतो. अभियंता परीक्षक विचारेल की यात तत्त्व काय नवं. डॉक्टर विचारेल की माझ्या ओपीडीत याने काय होणार.

इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. केंद्र सरकारने विज्ञान पुरस्कारांची फेररचना केली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर झाले. त्यांत विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम अशी चार नावं आहेत. पहिले पुरस्कार २२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात दिले गेले. युवा विभागात वर्षाला जास्तीत जास्त २५ जण. एकूण १३ विषयांत अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या जोडीला तंत्रज्ञान व नवोन्मेष असाही गट आहे, आणि उपकरणं बनवणाऱ्यांना तो जवळचा आहे. ही पायरी अर्थात खूप पुढची. पदवीच्या वर्गात असताना तिची नुसती माहिती असू द्या.

विद्यार्थी असताना

भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी विद्यार्थ्यांच्या नवोन्मेषी प्रकल्पांना पुरस्कार देते. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी अशा तीन पातळ्या वेगळ्या असल्यामुळे बी.ई.च्या मुलीची स्पर्धा पीएचडीवाल्याशी होत नाही. अर्ज संस्थेमार्फत जातो, त्यामुळे विभागप्रमुखांना वेळेवर गाठणं हेच अर्धं काम.

अहमदाबादच्या सृष्टी या संस्थेने, अनिल गुप्ता यांच्या पुढाकाराने, गांधियन यंग टेक्नॉलॉजिकल इनोव्हेशन अवॉर्ड सुरू केला. त्याला सगळे 'जीवायटीआय'च म्हणतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान क्षेत्रातल्या बायरॅक संस्थेने सीतारे योजनेतून त्यात भर घातली आणि जैवतंत्रज्ञान व वैद्यकीय उपकरणांच्या निवडक प्रकल्पांना १५ लाख रुपयांपर्यंतचं पाठबळ दिलं. इथे भर असतो कमी साधनांत मोठा प्रश्न सोडवण्यावर. तुमचं उपकरण महागड्या आयात यंत्राची स्वस्त नक्कल असेल तर तेवढ्याने भागत नाही. स्वस्त करताना तुम्ही कोणती अडचण नव्याने सोडवली, ते सांगावं लागतं.

महाराष्ट्रात एक नाव माहीत असलंच पाहिजे, ते आयआयटी मुंबईतल्या बेटिक या केंद्राचं. प्रा. बी. रवी यांनी २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ते सुरू केलं, पुढे नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी जोडलं गेलं. त्यांच्या शिबिरांत आणि हॅकेथॉनमध्ये डॉक्टर, अभियंते आणि डिझायनर एका टेबलावर बसतात. अशा ठिकाणी बक्षीस मिळालं नाही तरी एक डॉक्टर ओळखीचा होतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो डॉक्टर लागणार असतो.

जेम्स डायसन अवॉर्ड डिझाइनचा आहे म्हणून बायोमेडिकलची मुलं तिकडे फिरकत नाहीत. हा गैरसमज आहे. गेल्या काही वर्षांचे आंतरराष्ट्रीय विजेते पाहा: २०२० मध्ये घरी स्तनकर्करोग तपासणीसाठी मांडलेला स्पेनचा ब्ल्यू बॉक्स, २०२१ मध्ये सिंगापूरच्या विद्यार्थ्यांचं डोळ्यातला दाब मोजणारं होप्स, २०२२ मध्ये पोलंडचं जखमेची स्थिती सांगणारं ड्रेसिंग, २०२३ मध्ये कोरियाची हातात उंच धरावी न लागणारी सलाईनची गोल्डन कॅप्सूल. सगळी वैद्यकीय. भारताची राष्ट्रीय फेरी वेगळी असते, अर्ज ऑनलाइन असतो आणि तुमच्या कॉलेजचं नाव मोठं असण्याची अट नसते.

परिषदांच्या स्पर्धा हा वेगळा रस्ता. तिथे उपकरणापेक्षा शोधनिबंध महत्त्वाचा. ईएमबीसी साधारण जुलैत भरते आणि निबंध वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतात. वैद्यकीय भौतिकी आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगची जागतिक काँग्रेस दर तीन वर्षांनी भरते आणि तिथेही तरुण संशोधकांची स्पर्धा असते. निवड झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत तर निबंध संग्रहातून वगळला जाऊ शकतो, म्हणून प्रवासखर्चाचा विचार निबंध पाठवतानाच करा. विज्ञान-तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थांकडे तरुण संशोधकांच्या परदेश प्रवासासाठी योजना आहेत. त्यांना परिषदेच्या बरेच आठवडे आधी अर्ज लागतो आणि स्वीकृतीपत्र जोडावं लागतं.

पुरावा : इथे सर्वांत जास्त वेळ घाला

अर्जाची भाषा, व्हिडिओ, पोस्टरचे रंग, हे सगळं नंतर. परीक्षकाची नजर आधी जाते ती निकालाच्या तक्त्यावर. तिथे काय चुकतं ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो.

समजा तुम्ही मनगटावर बांधायचं रक्तदाब मोजणारं यंत्र बनवलं आणि हॉस्टेलच्या दहा मित्रांवर तपासलं. सगळे विशीतले, सगळ्यांचा दाब १२० च्या आसपास. अशा गटात यंत्राने डोळे मिटून १२० सांगितलं तरी ते बरोबर ठरेल! स्वयंचलित रक्तदाबमापकांसाठीचं आयएसओ ८१०६०-२ हे मानक काय मागतं ते पाहा: किमान ८५ माणसं, सरासरी चूक ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आणि प्रमाण विचलन (चुका किती विखुरलेल्या आहेत त्याचं माप) ८ च्या आत, शिवाय माणसांमध्ये किमान ५ टक्के असे ज्यांचा वरचा दाब १०० किंवा कमी, ५ टक्के असे ज्यांचा १६० किंवा जास्त, आणि २० टक्के असे ज्यांचा १४० किंवा जास्त. विद्यार्थ्याने हे पूर्ण करावं असं कुणी म्हणणार नाही. पण मानक वाचलंय, आपण त्यापासून किती दूर आहोत हे मोजलंय आणि पुढचे ३० जण मेडिसिनच्या ओपीडीतून घेणार आहोत, एवढं लिहिलेला अर्ज उठून दिसतो. रक्तातली साखर मोजणार असाल तर आयएसओ १५१९७ वाचा: डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत, असे किमान ९५ टक्के आकडे यावे लागतात.

दुसरी गोष्ट सहसंबंधाची, म्हणजे दोन यंत्रांचे आकडे एकाच वेळी वर-खाली होतात का, त्याच्या मापाची. 'आमच्या यंत्राचा आणि प्रमाणित यंत्राचा सहसंबंध ०.९८' हे वाक्य मी असंख्य अर्जांत वाचलं आहे. तुमचं यंत्र प्रत्येकाचा दाब २० ने जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध उत्तमच येईल. दोन यंत्रांचे आकडे जुळतात का हे पाहायला दोन्हींमधला फरक काढून तो सरासरीसमोर मांडावा लागतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही पद्धत मांडली, ती एक्सेलमध्येही तासाभरात होते. वैद्यकीय पार्श्वभूमीचा परीक्षक हा आलेख शोधतोच.

तिसरं उदाहरण मशीन लर्निंगचं, कारण आता निम्मे प्रकल्प त्यातलेच असतात. ईसीजीवर काम करणारे बहुतेक जण एमआयटी-बीआयएच हा संच वापरतात. त्यात ४७ माणसांच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. सगळे ठोके एकत्र करून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भागांत वाटले, की एकाच माणसाचे काही ठोके शिकवणीत आणि काही परीक्षेत जातात. मॉडेल आजार ओळखायला शिकण्याऐवजी माणूस ओळखायला शिकतं आणि ९९ टक्के अचूकता दाखवतं. माणसं वेगळी काढा: काही फक्त शिकवणीला, बाकी फक्त परीक्षेला. अचूकता घसरेल. ती घसरलेली खरी संख्या लिहा आणि का घसरली ते दोन ओळींत सांगा. जाणत्या परीक्षकाला ९९ पेक्षा ही संख्या जास्त पटते.

आणि माणसांवर काहीही तपासायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे बंधनकारक आहे. 'फक्त बोटाला सेन्सर लावला' म्हणून सूट मिळत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात अशी समिती बहुधा नसते, म्हणून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना सहसंशोधक करून त्यांच्या समितीकडे जा. समितीची बैठक रोज होत नाही, त्रुटी निघतात, संमतीपत्र मराठीत लागतं आणि ते रुग्णाला खरोखर समजेल असं लागतं. त्यासाठी सत्रभराचा अवधी हाताशी ठेवा. रुग्णांवर नव्या उपकरणाची वैद्यकीय चाचणीच घ्यायची असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी लागते. मंजुरीचा क्रमांक अर्जात स्पष्ट लिहा. तो नसेल तर चांगला अर्जही चाळणीतच अडकतो.

पोस्टर लावण्याआधी पेटंटचा विचार

हे थोडक्यात पण नीट लक्षात घ्या. स्पर्धेत उपकरण उघड झालं, व्हिडिओ यूट्यूबवर गेला, की ते 'नवं' राहत नाही आणि पेटंट धोक्यात येतं. भारतीय कायद्यात सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरसकट नाही आणि युरोपात जवळपास नाहीच. म्हणून आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल, अर्ज दाखल करा. ऑनलाइन भरला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. पुढे १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. पेटंट कुणाच्या नावावर हे कॉलेजशी आधी बोलून घ्या, आणि ज्या डॉक्टरांनी मूळ कल्पना सुचवली त्यांचं नाव शोधकांत आहे ना, ते पाहा.

अर्जाचा पहिला परिच्छेद

सलाईन संपल्याची सूचना देणारं यंत्र हा आपल्याकडचा सदाहरित प्रकल्प आहे. परीक्षकांनी तो दरवर्षी पाहिलेला असतो. म्हणून तोच घेऊन दाखवतो.

बहुतेक अर्ज असे सुरू होतात: 'आरोग्य ही मानवाची मूलभूत गरज असून आजच्या धकाधकीच्या जीवनात तंत्रज्ञानाचं महत्त्व अनन्यसाधारण आहे.' या वाक्यातून परीक्षकाला तुमच्या प्रकल्पाबद्दल काहीच कळत नाही.

आता हे वाचा: '५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची तर मिलिलिटरला २० थेंब पाडणाऱ्या सेटमधून मिनिटाला साधारण २१ थेंब पडावे लागतात. सिस्टर घड्याळ पाहून ही गती लावते. रुग्णाने हात दुमडला की गती बदलते, आणि रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीकडे असताना ते लक्षात येत नाही. बाटलीचं वजन पाहणारी यंत्रं बाटली संपत आल्यावरच बोलतात. आमचं साधन ड्रिप चेंबरला चिमट्यासारखं अडकतं, थेंब मोजतं आणि गती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की लगेच कळवतं.' त्यापुढे लगेच तुमचे आकडे: इन्फ्युजन पंपाशी तुलना करता चूक किती, किती तास चालवलं, खोटा इशारा किती वेळा आला, सिस्टर त्यावर काय म्हणाल्या.

या दुसऱ्या नमुन्यात प्रश्न कुणाचा आहे हे दिसतं, आधीची उत्तरं कुठे कमी पडली हे कळतं आणि तुमचं नवेपण एका वाक्यात येतं. असा परिच्छेद लिहायचा तर वॉर्डात जाऊन उभं राहावं लागतं. प्रयोगशाळेत बसून तो सुचत नाही. अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला मसुदा मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. मला तर वाटतं की तो मराठीतच लिहावा. प्रश्न स्वतःच्या भाषेत धडपणे सांगता आला की त्याचं इंग्रजी करणं अवघड जात नाही.

गटाने काम केलं असेल तर कुणी काय केलं हे उघडपणे लिहा. 'आम्ही केलं' एवढंच असेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो, आणि सर्किट दुसऱ्याने केलेलं असताना सर्किटवर उत्तर देता येत नाही.

शिफारसपत्र आणि नामांकन

विद्यार्थी पातळीवर स्वतः अर्ज करता येतो. वरच्या पातळीवर बहुधा दुसऱ्याने तुमचं नाव सुचवावं लागतं, आणि इथे आपली माणसं संकोचाने मागे राहतात. 'मी कसं सांगू, सरांनाच वाटलं पाहिजे' असं म्हणत बसलात तर वर्षं निघून जातील. सरांना वाटत असतं, पण त्यांच्यापुढे कामांचा ढीग असतो. मुदतीच्या महिनाभर आधी त्यांना पुरस्काराचे नियम, तुमचा दोन पानी परिचय, तीन महत्त्वाची कामं आणि प्रत्येकात तुमचा वाटा काय, हे लिहून द्या. 'मेहनती आणि प्रामाणिक आहे' असं पत्र कुणालाही लिहिता येतं. 'माझ्या विभागात पहिल्यांदा ही चाचणी रुग्णालयात नेऊन दाखवली, आणि नमुना घेण्याची पद्धत तिने स्वतः ठरवली' हे पत्र फक्त तुमच्यासाठी असतं.

एक पत्र गाईडचं, एक डॉक्टरांचं आणि शक्य असेल तर एक अशा व्यक्तीचं, जिने तुमच्याबरोबर काम केलेलं नाही पण तुमचा निबंध वाचला आहे. हे तिसरं पत्र सर्वांत वजनदार ठरतं. ते मिळवायचं तर परिषदेत पोस्टरपाशी उभं राहून अनोळखी माणसांशी बोलावं लागतं आणि नंतर एक आभाराचा ईमेल पाठवावा लागतो. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांनीही हे लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या बायोमेडिकल इंजिनिअरिंग सोसायटीचा रिटा शॅफर पुरस्कार असो वा ईएमबीएसचा, तिथेही नाव कुणीतरी पुढे करावं लागतं.

विकत मिळणारे पुरस्कार

एक शोधनिबंध छापून आला, की इनबॉक्समध्ये अभिनंदनाचे ईमेल यायला लागतात: 'आंतरराष्ट्रीय युवा शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरून निश्चित करा.' याला भुलू नका, आणि घरच्यांनाही भुलू देऊ नका. अर्जाचं किंवा परिषदेचं माफक शुल्क असू शकतं, पण निवड झाल्यावर स्मृतिचिन्हासाठी पैसे मागितले तर तो व्यवहार आहे. तुम्ही अर्जच केलेला नसताना निवड कशी झाली? मागच्या विजेत्यांची यादी आहे का, परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, त्या परीक्षकांचं काम तुमच्या विषयात आहे का, एवढं तपासायला दहा मिनिटं पुरतात. असा पुरस्कार परिचयपत्रात घातला तर जाणकार माणूस त्यावरून तुमची पारख करतो, आणि शेजारी लिहिलेल्या खऱ्या कामावरचाही त्याचा विश्वास कमी होतो.

निवड झाली नाही तर

परीक्षकांचे अभिप्राय मिळतात का, ते विचारा. ईएमबीसीसारख्या ठिकाणी समीक्षकांची टिपणं मिळतात. ती गाईडबरोबर बसून ओळ न ओळ वाचा. दोन समीक्षकांनी एकच शंका काढली असेल तर पुढचं काम तिथून सुरू करा. तोच अर्ज नुसतं नाव बदलून दुसरीकडे पाठवण्याने काही साधत नाही. काहींना पहिल्या खेपेला मिळतं, अनेकांना तिसऱ्या-चौथ्या खेपेला. दरम्यान काम वाढलेलं असतं आणि अर्जही आपोआप भक्कम झालेला असतो.

वेळापत्रक

वर्षाच्या सुरुवातीला मुदतींची गर्दी होते. परिषदेचे निबंध, विद्यार्थी स्पर्धा आणि राष्ट्रीय पुरस्कारांची नामांकनं यांतली बरीचशी जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास येऊ शकतात. म्हणजे प्रयोगांचे आकडे नोव्हेंबरअखेर हातात हवेत, आणि ते हवे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज जूनमध्ये कॉलेज उघडताच द्यायला हवा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांत समितीच्या बैठका पुढे ढकलल्या जातात, तेही हिशोबात धरा. डिसेंबरात विभागप्रमुख परीक्षांच्या कामात गुंतायच्या आत संस्थेच्या सहीशिक्क्याचे कागद पुढे करा. प्रत्येक पुरस्काराची त्या वर्षीची नियमावली डाउनलोड करून तारखेसह जपून ठेवा, कारण अटी दरवर्षी थोड्या थोड्या बदलतात आणि गेल्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेली वयोमर्यादा या वर्षीची असेलच असं नाही.